मामारीच्या पाटीवरचा चंद्र

मागे एका दिवाळीत नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आले आणि आमच्या घरात मोठाच कलह माजला. पहाटे अंगाला उटणे लागते न लागते तोच संध्याकाळी लक्ष्मीपुढे लाह्या-बत्तासे! आमच्या धाकट्या कन्येने भिंतीवरच्या कॅलेंडरापुढे उभे राहून सरळ विचारले, "बाबा, दिवाळीतला एक दिवस कुणी घेतला?"

कॉलेजात मराठी शिकवत असल्यामुळे कुठल्याही प्रश्नाला तासाभराचे उत्तर देण्याची खोड मला जडली आहे. मी खुर्ची पुढे ओढली आणि सुरुवात केली. तिथी म्हणजे चंद्राला सूर्यापासून बारा अंश पुढे सरकायला लागणारा वेळ. पण चंद्र काही एका चालीने चालत नाही. पृथ्वीच्या जवळ असला की भरभर जातो, दूर गेला की रेंगाळतो. जुने जोतिषी याला 'बाणवृद्धी रसक्षय' म्हणत. बाण पाच, रस सहा. म्हणजे साठ घटकांची तिथी फार तर पाच घटकांनी वाढते आणि सहा घटकांनी घटते. आजचे सूक्ष्म गणित हा फरक आणखी मोठा धरते, पण मुद्दा तोच. एखादी आखूड तिथी एका सूर्योदयानंतर सुरू झाली आणि दुसऱ्याच्या आत संपली, की पंचांगातून तिचा क्षय. लांबलेली तिथी दोन सूर्योदयांना पुरली, की तिची वृद्धी. "तुझी चतुर्दशी मात्र कुठे गेलेली नाही हो. ती पहाटे होती, दिवसा संपली आणि अमावास्या लागली."

"मग चंद्राला सांगा ना हळू चालायला," असे म्हणून कन्या फुलबाज्यांकडे पळाली. आतून आवाज आला, "अहो, चंद्र राहू द्या. आकाशकंदिलाचा दिवा लागत नाहीये, तो बघा."

दिवा लावला. पण चंद्राच्या या लहरी चालीचा हिशेब मनातून जाईना; कारण असाच हिशेब मांडलेली एक पाटी बरीच वर्षे माझ्या डोक्यात ठाण मांडून बसली आहे. मोठी मौजेची पाटी आहे ती. तिच्यावरचे एक अक्षरही आज जगात कुणाला वाचता येत नाही, आणि तरीही तिच्यातल्या काही ओळी कशाबद्दल आहेत हे आपल्याला ठाऊक आहे.

पाटी लाकडी आहे, २९ सेंटिमीटर लांब आणि साडेएकोणीस रुंद. शाळेतल्या दगडी पाटीहून फारशी मोठी नाही. दोन्ही बाजूंवर चौदा-चौदा ओळी आणि सगळ्या मिळून हजारभर चिन्हे कोरलेली: माणसे, पक्षी, मासे, झाडे आणि चंद्रकोरी. तिचे नाव मामारी. लाकूड कोणते म्हणाल, तर आपल्या कोकणात खाडीच्या काठाने पिवळ्या फुलांचे भेंडीचे झाड असते ना, तेच. मुंबईच्या भेंडी बाजाराला याच झाडांवरून नाव पडले असे एक मत आहे. इतक्या ओळखीच्या लाकडावर इतकी अनोळखी लिपी!

ही पाटी ईस्टर बेटावरची. पॅसिफिक महासागरात, चिलीच्या किनाऱ्यापासून साडेतीन हजार किलोमीटरवर हे बेट एकटे पडले आहे. तिथले लोक त्याला रापा नुई म्हणतात. डच दर्यावर्दी रोगेव्हेन १७२२ साली नेमका ईस्टरच्या रविवारी तिथे पोचला, म्हणून युरोपने बेटाला सणाचे नाव दिले. दगडाच्या उंच पुतळ्यांसाठी ते जगभर प्रसिद्ध आहे. पुतळ्यांची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिलेली असतात. पाट्यांचे नाव फार थोड्यांनी ऐकलेले असते. या लिपीला रोंगोरोंगो म्हणतात.

ती लिहिण्याची तऱ्हाही न्यारी. शार्क माशाच्या दाताने चिन्हे कोरत, असे बेटावर सांगतात. वाचायला सुरुवात खालच्या डाव्या कोपऱ्यातून करायची. ओळ संपली की पाटी उलटी फिरवायची आणि वरची ओळ पुन्हा डावीकडून उजवीकडे वाचायची. बैल शेताच्या टोकाशी वळून दुसरे तास धरतात तसे. त्यामुळे पाटी समोर धरली, की एकाआड एक ओळीतली माणसे डोक्यावर उभी दिसतात.

बाहेरच्या माणसाने या पाट्या पहिल्यांदा नोंदवल्या त्या १८६४ साली. एरो नावाचा एक फ्रेंच मिशनरी बंधू तिथे नऊ महिने राहिला. घरोघरी अशा लाकडी पाट्या आणि काठ्या आहेत, असे त्याने कळवले. पण तोवर घात होऊन गेला होता. १८६२ आणि १८६३ साली पेरूतून गुलाम धरणाऱ्यांची जहाजे आली आणि सुमारे दीड हजार माणसे उचलून घेऊन गेली. त्यांत राजघराण्यातले होते, पाट्या वाचणारे जाणते होते. बोभाटा झाल्यावर जी थोडी जिवंत परत आली त्यांनी बरोबर देवी आणल्या. १८७७ साली साऱ्या बेटावर एकशे अकरा माणसे उरली होती. एकशे अकरा! आमच्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या एका वर्गातसुद्धा याहून जास्त नावे असतात.

ताहितीच्या बिशप जोसेन यांना १८६८ साली बेटावरच्या नव्या ख्रिस्ती मंडळींकडून भेट आली, माणसांच्या केसांची वळलेली लांब दोरी. ती दोरी एका जुन्या फळीच्या तुकड्याला गुंडाळलेली होती. बिशपांनी दोरी सोडली आणि फळी पाहून चकित झाले. पाट्या गोळा करा, असे त्यांनी बेटावर कळवले, तेव्हा हाती लागल्या त्या मोजक्याच. आज साऱ्या जगात मिळून दोन डझनांच्या आसपास वस्तूंवर ही लिपी उरली आहे, आणि बेटावर त्यातली एकही नाही. मामारी रोमला आहे.

बिशपांना ताहितीतच मेतोरो नावाचा एक रापा नुई मजूर भेटला. त्याने पाट्या हातात घेऊन सुरात म्हणून दाखवल्या, बिशपांनी सारे उतरून घेतले. पण त्यातून अर्थाचा धागा लागेना. पुष्कळ ठिकाणी मेतोरो चिन्हात जे दिसते तेच बोलत होता, हा पक्षी, हा माणूस, ही कोर. अक्षरओळख नसलेले पोर चित्रांच्या पुस्तकातून गोष्ट 'वाचते' ना, तसे काहीसे.

आता, वाचता न येणाऱ्या लिखाणातून काही कळते कसे? इथे मला माझ्या घरचा एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही.

गावच्या घरातून माझ्या वाट्याला पणजोबांची एक वही आली. लाल कापडात बांधलेली, मोडीत लिहिलेली. मी मराठीचा एम. ए., आणि मला मोडी येत नव्हती! लाज वाटली, पण येत नव्हती खरी. मोडीतले आकडे मात्र ओळखीचे निघाले. पानाच्या कडेने ते एकाखाली एक उतरत होते. एकापासून पंधरापर्यंत, मग पुन्हा एकापासून चौदापर्यंत आणि मग एकदम तीस. पंचांगात अमावास्येला तीसचा आकडा घालतात, हे आठवले आणि मी उडालोच. पुढे एका ठिकाणी नऊनंतर एकदम अकरा होते, आणखी एका ठिकाणी पाच दोनदा. लिहिणाऱ्याची चूक? छे! क्षय आणि वृद्धी. नुसते अनुक्रमांक असते तर दहा गळला नसता. एक शब्दही न वाचता मला कळले, की ही रोजच्या रोज, तिथीवार लिहिलेली वही आहे.

थॉमस बार्थेल या जर्मन पंडिताला मामारीवर जे सापडले ते याच जातीचे. हा माणूस दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यात गुप्त संदेश उकलण्याच्या कामावर होता. युद्धानंतर त्याने पाट्यांची चिन्हे एकूणएक उतरून घेतली, त्यांना क्रमांक दिले आणि १९५८ साली आपला ग्रंथ छापला. मामारीच्या एका बाजूला, सहाव्या ओळीपासून पुढे, चंद्रकोरींची रांगच्या रांग लागलेली त्याने दाखवली. हे चांद्रमासाचे कोष्टक आहे, असे त्याने सांगितले. आणि ते आजवर टिकले आहे.

ते टिकले याचे कारण असे, की बेटावर महिन्यातल्या रात्रींची नावे लोकांच्या तोंडी उरली होती, आणि ती पाटीखेरीज वेगळी लिहून घेतलेली होती. अमेरिकन नौदलातल्या विल्यम थॉमसनने १८८६ साली, आणि पुढे आल्फ्रेड मेत्रोने ती नोंदवली. काही रात्रींना खास नावे आहेत. पुनवेच्या रात्रीला ओमोतोही म्हणतात. काहींना मात्र आपल्या द्वितीया-तृतीयेसारखे नुसते आकडे: पहिली कोकोरे, दुसरी कोकोरे, अशा पुनवेच्या आधी सहा आणि नंतर पाच. आता पाटी बघा. काही कोरींच्या शेजारी दुसरे चिन्ह जोडलेले आहे, जणू नावच. पण एका जागी सलग सहा कोरी उघड्या, बिनचिन्हाच्या. आणि पुनवेपलीकडे सलग पाच. तोंडी यादीत सहा आणि पाच, पाटीवर सहा आणि पाच. योगायोगाला असे मोजमाप साधत नाही.

सारे कोष्टक आठ गटांत मोडले आहे. दर गटाच्या आरंभी चार चिन्हांचा एक ठरलेला जुडगा येतो आणि त्याच्या शेवटी दोरीला टांगलेला मासा असतो. पुनवेच्या आधीच्या चारही गटांत माशाचे डोके वर, नंतरच्या चारही गटांत खाली. शुद्ध आणि वद्य हे दाखवायला याहून सुटसुटीत खूण सुचणे कठीण.

१९९० साली झाक गी या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने याच्याही पुढचे पाऊल टाकले. रापा नुईचा महिना मूळ अठ्ठावीस रात्रींचा. चंद्राला तर एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात. म्हणून कधी एक, कधी दोन जादा रात्री घालाव्या लागत. त्या केव्हा घालायच्या? गी म्हणतो, पाटी हेच शिकवते. पुनवेच्या अलीकडे सहाव्या रात्रीपाशी आणि पलीकडे सहाव्या रात्रीपाशी एकेक अर्ध्या आकाराची बारीक कोर वर कोरली आहे. चंद्र दूर असला की तो लहान दिसतो. दूर असला की रेंगाळतो. रेंगाळला की महिना लांबतो. म्हणजे बिंब लहान दिसले तर एक रात्र वाढवा. आपल्या जोतिषांनी वृद्धी-क्षय गणिताने धरले. तिथल्या जाणत्यांनी समुद्राकाठी उभे राहून बिंबाच्या आकारावरून धरले, असे गी यांचे अनुमान. सर्वांना ते मान्य नाही. जादा रात्रींची सूचना कोष्टकाच्या पुढच्या मजकुरात आहे, असाही एक पक्ष आहे. मला स्वतःला गी यांचे म्हणणे पटते. निदान पटावेसे वाटते, आणि या दोहोंत फरक आहे हे मी विसरत नाही.

कोष्टकाच्या मध्यावर पुनवेचे चिन्ह आहे. गी यांच्या मते ते एका म्हातारीचे चित्र. आपल्या चंद्रावर ससा बसतो, तशी रापा नुईच्या चंद्रावर एक म्हातारी भुईतली चूल पेटवत बसलेली असते. हे मी उत्साहाने घरात सांगितले, तेव्हा सौ. म्हणाली, "म्हणजे चंद्रावर गेलं तरी बाईची चूल काही सुटत नाही!" या भाष्यावर मला काही सुचले नाही.

एकदा चंद्र सापडला, की मग तो जिकडेतिकडे दिसू लागतो, हे मात्र खरे संकट आहे. कोरीसारखी चिन्हे इतर पाट्यांवरही आहेत, आणि त्यांतून महिने, ग्रहणे, तारे काढणाऱ्यांची कमी नाही. अशा वेळी मी विद्यार्थ्यांना आपल्याच लिपीचे उदाहरण देतो. समजा, देवनागरी न जाणणारा एखादा पंडित आपल्या रस्त्यावरून फिरला. डॉक्टर, बॅंक, हॉटेल, ऑफिस, मेडिकल स्टोअर सोडून जिकडे पाहावे तिकडे अक्षरांच्या डोक्यावर अर्धचंद्र! हे लोक चंद्राचे उपासक असून वैद्य आणि सावकार हे त्यांचे पुजारी होत, असा निष्कर्ष तो काढणार नाही कशावरून? कोर दिसली म्हणजे चंद्रच, असे नसते. मामारीवर ती चंद्र ठरते, कारण तिथे ती मोजून दिलेली आहे आणि ताळा पाहायला बाहेरची यादी आहे. इतर ठिकाणी असा ताळा नाही.

या लिपीचे नाते एकदा थेट आपल्याकडेही लावून झाले आहे. १९३२ साली हेवेशी नावाच्या हंगेरियन गृहस्थाने मोहेंजोदडोच्या मुद्रांवरची चिन्हे आणि रोंगोरोंगोची चिन्हे शेजारी शेजारी मांडली. पॅरिसच्या विद्वत्सभेपुढे ते गेले आणि एकच खळबळ उडाली. त्यात भर अशी, की मोहेंजोदडोपाशी पृथ्वीच्या गोळ्यात सुई खुपसून आरपार काढली, तर ती ईस्टर बेटाजवळच बाहेर येते! कुणाचेही भान हरपावे असाच हा प्रकार. पण सिंधूकाठची ती शहरे ख्रिस्तापूर्वी सुमारे १९०० च्या सुमारास ओसरली आणि ईस्टर बेटावर वस्ती झाली ती इसवी सन १२०० च्या आसपास. मधल्या तीन हजार वर्षांत ही लिपी कुठे दडली होती? मेत्रोने ती तुलना मोडीत काढली. माणसाचे आणि माशाचे चित्र काढायचे तर ते सगळीकडे थोडेफार सारखेच येणार. पुढे १९९० नंतर स्टीव्हन फिशर यांनी सान्तियागोच्या काठीवरचा मजकूर उलगडल्याचा दावा केला. तोही सर्वमान्य झाला नाही. २०२४ साली रोममधल्या चार पाट्यांच्या लाकडाचे वय काढले, त्यातल्या एकीचे लाकूड पंधराव्या शतकातले निघाले. लाकूड जुने म्हणून कोरीवकाम तितकेच जुने, असे अर्थातच म्हणता येत नाही. जुन्या वाशाचे पाट आपल्याकडेही करतात.

पाटी सोडून मला आठवत राहतात ती दोन माणसे. पहिला उरे वाए इको. हा राजा न्गाआराच्या पदरी होता. या राजाच्या काळी दरवर्षी आनाकेनाच्या किनाऱ्यावर पाट्या म्हणून दाखवण्याचा मेळा भरत असे. १८८६ साली थॉमसन त्याच्या मागे लागला. पाद्र्यांनी मनाई केली आहे, वाचले तर मला स्वर्ग मिळणार नाही, असे सांगून म्हातारा डोंगरात पळाला. एका वादळी रात्री त्याला घरात गाठले, थोडी दारू पाजली आणि पाट्यांची छायाचित्रे पुढे ठेवली. तो घडाघडा म्हणू लागला. पण छायाचित्र बदलले तरी त्याचे म्हणणे खंडत नव्हते. तो पाठ म्हणत होता. वाचत होता की नाही, देव जाणे.

दुसरा तोमेनिका. १९१४-१५ साली कॅथरीन रूटलेज ही इंग्रज विदुषी बेटावर होती. लिपीतले थोडे काही जाणणारा एक म्हातारा महारोग्यांच्या वस्तीत आहे, असे तिला कळले. ती तिथे गेली. त्याने कागदावर काही चिन्हे काढून दिली, काही शब्द सांगितले. ती पुन्हा पुन्हा विचारी, तो थकून जाई. उत्तरांचा मेळ बसेना. पंधरवड्यात तोमेनिका गेला.

माझ्या वहीचे सांगायचे राहिले. पुढे मी मोडी शिकलो, रविवारच्या सकाळी, माझ्याहून निम्म्या वयाच्या मुलांबरोबर बसून. वहीत काय निघाले? गोडे तेल, गूळ, सुतळी, बैलाची पेंड, न्हाव्याचे दोन आणे. एके ठिकाणी मात्र वद्य सप्तमीनंतर एकदम शुद्ध षष्ठी आहे. मधल्या तेरा दिवसांत एकही ओळ नाही. हा क्षय चंद्राचा नव्हे. सुतक असावे, पण कुणाचे? की पणजोबा कुठे यात्रेला गेले होते? अक्षरे आता वाचता येतात, आणि नेमके तिथे अक्षर नाही.

मी आईला विचारले. ती म्हणाली, "काका आजोबांना ठाऊक असतं सगळं. ते मोडीही वाचायचे की. तू कधी विचारलं नाहीस?"

काका आजोबा आमच्याच घरी, मागच्या खोलीत, चार वर्षे होते. वही तेव्हाही माळ्यावर होती.